आनंदीबाईंचा आजार कधी सुरू झाला?

डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावा वाढदिवस जेमतेम महिन्यावर आला होता. पुढचे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते: अमेरिकेतली थंडी आणि परके अन्न सोसले नाही, तिथे क्षय जडला आणि त्यातच त्या गेल्या. या एका वाक्यात तीन विधाने आहेत. रोग कुठे जडला, कधी जडला आणि कशामुळे जडला. आपण ती इतकी वर्षे एका दमात म्हणत आलो आहोत की प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, हे ध्यानातच येत नाही.

इथे ती सुटी करून पाहायची आहेत. त्यांच्यामागून चौथा प्रश्न येतो आणि माझ्या लेखी तोच सर्वांत मोठा आहे. हा आजार ओळखता आला असता तो केव्हापासून? आनंदीबाई तीन वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात होत्या. आजूबाजूला डॉक्टर, हातात वैद्यकाची पुस्तके आणि त्या स्वतः डॉक्टर होण्याच्या वाटेवर. अशा ठिकाणी रोग नजरेतून निसटत असेल, तर मंठ्याहून किंवा परतूरहून रात्री जालन्याच्या सिव्हिलमध्ये धापा टाकत आलेल्या माणसाच्या बाबतीत तो का निसटतो, हे समजायला त्याची मदत होईल.

आधी साधने पाहू. छापील साधनांत काळाने सर्वांत जवळचे साधन म्हणजे पंडिता रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकाची प्रस्तावना. पुस्तक आनंदीबाईंच्या स्मृतीला अर्पण केलेले आहे आणि प्रस्तावना लिहिली आहे रेचल बॉडली यांनी. पेनसिल्व्हेनियाच्या ज्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई शिकल्या, त्याच्या बॉडली डीन होत्या. म्हणजे ज्यांनी या विद्यार्थिनीला रोज डोळ्यांसमोर पाहिले, त्यांनीच मृत्यूनंतर काही महिन्यांत लिहिलेला हा मजकूर. साक्षीदार म्हणून त्यांचे वजन मोठे. पण पुस्तकाचा हेतू रमाबाईंच्या कार्यासाठी अमेरिकेत सहानुभूती आणि निधी मिळवणे हा होता. ही कृतज्ञतेची प्रस्तावना आहे, रुग्णाची टिपणवही नव्हे, आणि तशीच ती वाचायला हवी.

दुसरे साधन कॅरोलाइन डॉल यांचे १८८८ मध्ये बॉस्टनला निघालेले इंग्रजी चरित्र. डॉलबाईंचे पती चार्ल्स डॉल युनिटेरियन मिशनरी म्हणून १८५५ पासून कलकत्त्यात होते आणि १८८६ च्या जुलैत तिथेच वारले. त्यामुळे हिंदुस्थान हा या बाईंना केवळ ऐकीव देश नव्हता. त्यांच्या हाती मुख्यतः न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडची पत्रे आली. तिसरे साधन काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र, ‘डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र व पत्रे’; पहिली आवृत्ती १८८९ ची, दुसरी १९१२ ची. त्यात पती गोपाळरावांशी झालेला मराठी पत्रव्यवहार आहे.

या दोन चरित्रांतला फरक आजाराच्या शोधात फार महत्त्वाचा ठरतो. डॉलबाईंच्या पुस्तकात आनंदीबाई बोलतात त्या मावशीसमान मानलेल्या एका परदेशी स्त्रीशी. काशीबाईंच्या पुस्तकात त्या बोलतात नवऱ्याशी, आणि तोही गोपाळरावांसारख्या हट्टी, संशयी आणि दूर बसून शब्दाशब्दाचा जाब मागणाऱ्या नवऱ्याशी. दुखणे कोणाला किती सांगायचे याचे माप माणूस ऐकणाऱ्याकडे पाहून ठरवतो. म्हणून एका पत्रात आजाराचा उल्लेख नाही एवढ्यावरून त्या दिवसांत प्रकृती ठणठणीत होती, असे म्हणता येत नाही. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ ची कादंबरी आणि २०१९ चा त्याच नावाचा चित्रपट मी इथे बाजूला ठेवतो. मराठी मनातली आनंदीबाईंची प्रतिमा या दोहोंनी घडवली हे खरे. पण कादंबरीतला खोकला पुरावा म्हणून चालत नाही.

आता कागद तारखेनुसार लावू.

१८७८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून मूल गेले, ही खंत पुढे त्यांना डॉक्टरीकडे घेऊन गेली. हे सर्वश्रुत आहे. आपल्या कामाचा भाग एवढाच, की वाढीच्या वयात बाळंतपण झालेल्या या मुलीच्या अंगात रक्त कमी असण्याचा दाट संभव आहे. ही गोष्ट पुढे लागेल.

त्याच सुमारास गोपाळराव कोल्हापूरला असताना त्यांनी रॉयल वाइल्डर या, पूर्वी कोल्हापुरात काम केलेल्या मिशनऱ्याला पत्र घातले. वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’त छापला आणि १८८० मध्ये तो अंक कार्पेंटरबाईंच्या हाती पडला. (मराठी मुलखातून मिशनच्या वाटेने न्यूयॉर्कला जाणे तेव्हा अगदीच अपूर्व राहिले नव्हते. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ मध्येच न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलून आले होते. पण ते पुरुष होते आणि त्यांच्या पाठीशी चर्च होते.) कार्पेंटरबाईंनी पत्र लिहिले, उत्तर आले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला.

१८८१ मध्ये गोपाळरावांची कलकत्त्याला बदली झाली, आणि इथे आपल्याला आजाराचा पहिला लेखी माग लागतो. या काळातली लक्षणे चरित्रांतून येतात ती अशी: अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप आणि कधीकधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. गुण आला नाही.

ही चार लक्षणे आजच्या डॉक्टरपुढे ठेवली तर तो क्षयाचा विचार करील. करायलाच हवा. पण इतिहासात इथे थांबून दुसरी बाजू मांडावी लागते. या चौघांत खोकला नाही. आणि काळ व जागा पाहा. कलकत्त्यानंतर हे दांपत्य बराकपूर आणि श्रीरामपूर या हुगळीकाठच्या गावी राहिले. श्रीरामपूर हुगळी जिल्ह्यात येते. १८६० आणि १८७० च्या दशकांत ‘बरद्वान ताप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या साथीने बरद्वान आणि हुगळी हे जिल्हे पोखरून काढले होते, आणि तो मुख्यतः हिवताप होता असे मानले जाते. हिवतापात ताप येतो-जातो, डोके दुखते, रक्त कमी होते आणि रक्त कमी झाले की धाप लागते. शिवाय १८७८ चे बाळंतपण मागे आहेच. चारही लक्षणांची संगती हिवताप आणि पांडुरोग या दोघांनी पुरी लागते. क्षयानेही लागते. कलकत्त्याच्या कागदांवरून एवढेच निश्चित म्हणता येईल: अमेरिकेला निघण्याआधी किमान दीड-दोन वर्षे त्या आजारी होत्या. कशाने, ते ठरत नाही.

या निश्चित भागाचेही मोल कमी नाही. थंडीने आणि अन्नाने प्रकृती बिघडली हे विधान एवढ्यानेच डळमळते. प्रकृती आधीच बिघडलेली होती आणि तीही बंगालच्या उकाड्यात, घरच्या अन्नावर.

पुढचा कागद २४ फेब्रुवारी १८८३ चा. श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी अमेरिकेला आपण का जातो यावर इंग्रजीत भाषण केले. लोक विचारीत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. त्यांतला एक प्रश्न होता, परदेशात काही संकट ओढवले तर काय करणार? एकट्याने प्रवास, जातीबाहेर टाकले जाण्याची भीती, या प्रश्नांच्या रांगेतच तो येतो. श्रोत्यांत त्यांच्या डोकेदुखीची आणि तापाची कल्पना असणारे कोणी होते का, ते भाषणाचा मजकूर सांगत नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कॅलकटा’ बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाईंनी त्यांना रोझेलला नेले. तिथून २८ जून १८८३ रोजी त्यांनी महाविद्यालयाचे आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी अर्ज केला. मूळ अर्ज फिलाडेल्फियाला ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागारात जपलेला आहे. त्यातला आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत पोहोचवण्याचा निर्धार अनेकदा उद्धृत होतो. त्या निर्धाराच्या अगदी शेजारी एक छोटे विधान आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. आपली प्रकृती चांगली आहे, असे त्या लिहितात.

संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत अवघड कागद. मूळ, सहीचा, तारखेचा, स्वतः रुग्णाने लिहिलेला. आणि कलकत्त्याच्या हकिगतींशी उघड विसंगत. याचे तीन अर्थ लागू शकतात. पहिला अर्थ सरळ आहे: प्रवेश मिळवायचा आहे, वय अठरा, आवश्यक परीक्षा झालेल्या नाहीत, त्यात आजाराची भर कोण घालील? दुसरा अर्थ असा की दोन महिन्यांची समुद्राची हवा आणि रोझेलमधली विश्रांती यांनी खरोखरच बरे वाटले असेल. हिवतापाच्या मुलखातून बाहेर पडल्यावर हिवतापाचा रोगी सावरतो. हे वाक्य अक्षरशः खरे असेल, तर कलकत्त्याचा आजार हिवताप होता या तर्काला बळ येते. तिसरा अर्थ क्षयाच्या स्वभावातून निघतो. हा रोग पायरीपायरीने उतरतो आणि मध्ये काही महिने माणूस बरा दिसतो, त्याला स्वतःलाही तसे वाटते. मला पहिला आणि दुसरा अर्थ एकत्र घेणे जास्त पटते. पण हे मत आहे, पुरावा नव्हे.

ऑक्टोबर १८८३ मध्ये महाविद्यालयाचे सत्र सुरू झाले. थंडी वाढली तशी नऊवारी अपुरी पडू लागली आणि आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. नवऱ्याला त्याचे स्पष्टीकरणही द्यावे लागले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. अभ्यास, थंडी, अपुरे अन्न आणि एकटेपण यांनी शरीर खंगते यात शंका नाही, आणि खंगलेल्या शरीरात दबून असलेला क्षय डोके वर काढतो हेही खरे. पण थंडीने क्षय होत नाही. तो जंतूने होतो. आणि हे वाक्य त्या वर्षी जगात अगदी नवे होते.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र सभेपुढे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. माणसांच्या सात मृत्यूंपैकी एक या रोगाने होतो, असे त्यांनी तिथे सांगितले. त्याच वर्षी एर्लिख यांनी जंतू रंगवण्याची सुधारलेली रीत दिली आणि झील व नीलसन यांनी ती लवकरच आजच्या रूपाला आणली. रीत साधी आहे. काचपट्टीवर बेडका पसरायचा, लाल रंग तापवून चढवायचा, आम्लाने धुवायचा आणि निळ्याने पार्श्वभूमी रंगवायची. इतर सगळे निळे होते; क्षयाचा जंतू आम्लाला दाद देत नाही, लाल काडीसारखा तसाच राहतो. आनंदीबाईंनी महाविद्यालयात पाऊल ठेवले तेव्हा ही तपासणी शास्त्रात उपलब्ध होती. स्टेथोस्कोप त्याहून साठ वर्षे जुना. तापमापक वैद्यकात रुळलेला. क्ष-किरण मात्र १८९५ पर्यंत यायचे होते.

शास्त्रात उपलब्ध असणे आणि दवाखान्यात वापरले जाणे यांत अंतर असते. महाविद्यालय होते त्या फिलाडेल्फियात ते अंतर जास्तच होते. कॉख यांना अमेरिकेत ज्यांनी जोराने विरोध केला त्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ हेन्री फॉर्मॅड आघाडीवर होते. त्यांचा विरोध नेमका १८८२ ते १८८४ या वर्षांतला, म्हणजे आनंदीबाईंच्या पहिल्या वर्षापर्यंतचा. क्षय हा शरीराच्या घडणीतून, घराण्यातून येतो अशी समजूत तेव्हा अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांची होती. फिलाडेल्फियाच्याच पाचव्या वॉर्डातल्या मृत्यूंच्या नोंदी घरोघर लावून तो संसर्गाने पसरतो हे लॉरेन्स फ्लिक यांनी दाखवले ते १८८८ मध्ये. न्यूयॉर्क शहराने हर्मन बिग्ज यांच्या पुढाकाराने बेडका फुकट तपासून द्यायला सुरुवात केली ती १८९० च्या दशकात. दोन्ही गोष्टी आनंदीबाईंच्या मृत्यूनंतरच्या. तेव्हा महाविद्यालयातल्या कोणाला दोष देण्याआधी ही कालरेषा डोळ्यांपुढे असावी.

या वर्षांतला एक कागद खरे तर कागद नव्हे, छायाचित्र आहे. तारीख १० ऑक्टोबर १८८५. आपापल्या देशाच्या पोशाखात तीन विद्यार्थिनी: हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. आनंदीबाईंना तेव्हा आयुष्याचे सोळा-सतरा महिने उरले होते. छायाचित्र पाहताना चेहऱ्यावर आजार शोधण्याचा मोह होतो, कारण शेवट आपल्याला ठाऊक असतो. तो मोह आवरावा. दागिने आणि साडीची निरी यांखाली छातीत काय चालले होते ते असल्या चित्रात दिसत नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. ऑक्टोबरात त्यांनी न्यूयॉर्क सोडले, नोव्हेंबरात मुंबईला पोहोचल्या. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. पुण्यात उपचार चालले, अमेरिकेहून पुन्हा औषधे आली, पुन्हा गुण आला नाही. क्षयाचे नाव ठळकपणे येते ते या अखेरच्या टप्प्यात. त्यांच्या रक्षेचा अंश कार्पेंटरबाईंनी पकिप्सीच्या स्मशानभूमीत आपल्या कुटुंबीयांच्या जागेत ठेवला. तिथल्या दगडावर नाव आहे, पदवी आहे, सालेही आहेत. रोगाचे नाव नाही.

आता या कालरेषेवर वेगळ्या प्रकारचा पुरावा लावून पाहू. औषध नसताना क्षय किती वर्षे चालतो? हे ठरवायला माणसे उपचाराविना सोडता येत नाहीत. पण १९६१ ते १९६८ या काळात बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने आसपासच्या गावांत, जिथे उपचाराची सोय अजून पोहोचली नव्हती, जंतू सापडलेल्या रुग्णांचा पाच वर्षे माग ठेवला. जवळजवळ निम्मे वारले. सुमारे एकतृतीयांश आपोआप बरे झाले. उरलेले, पाचांत एकाहून थोडे कमी, पाच वर्षांनंतरही जंतू बाळगून जगत होते. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळातल्या जुन्या नोंदी एकत्र करून २०११ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार रोग सुरू झाल्यापासून त्याचा शेवट होईपर्यंत, मग शेवट मृत्यू असो की बरे होणे, सरासरी तीन वर्षे जातात.

फेब्रुवारी १८८७ पासून तीन वर्षे मागे गेलो की १८८४ च्या सुरुवातीला पोहोचतो: फिलाडेल्फियातला पहिला हिवाळा. १८८१ पासून धरले तर सहा वर्षे होतात. अशक्य नाही, बंगळूरच्या गावांतही तशी चिवट माणसे होती. पण जंतू बाळगत सहा वर्षे काढायची, त्यांतली तीन परक्या भाषेतल्या वैद्यकीय अभ्यासात, आणि मध्ये एकदा प्रकृती चांगली असल्याचे लिहून द्यायचे, हे सगळे एकत्र घडण्याचा संभव कमी वाटतो.

मग रोग अमेरिकेतच जडला असे म्हणावे का? इथे ‘जडला’ या क्रियेत दोन घटना आहेत. जंतू शरीरात शिरणे ही एक आणि त्याने रोग उभा करणे ही दुसरी. दोहोंत कधी महिने जातात, कधी दशके. जंतू शिरलेल्या दहांपैकी नऊ जणांना रोग होतच नाही. कल्याण, मुंबई, कलकत्ता इथल्या दाट वस्तीत आधीच जंतू शिरला असण्याचा संभव मोठा. पण रोगाचा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो, आणि फिलाडेल्फियाच्या रुग्णालयांतल्या खाटांपाशी उभे राहून शिकणाऱ्या मुलीला तिथे नवा संसर्ग होणेही तितकेच स्वाभाविक. या दोन शक्यतांत निवड करणारा पुरावा पत्रांत असूच शकत नाही, कारण जंतू शिरल्याचे माणसाला कळत नाही. तेव्हा ‘कुठे’ हा प्रश्न मी अनिर्णित ठेवतो. ‘कधी’ हा मात्र १८८४ ते १८८६ च्या आरंभापर्यंत आवळता येतो, आणि ‘थंडीमुळे’ हे उत्तर पुसता येते.

उरतो चौथा प्रश्न. इथे मला दोन नंतरचे कागद जोडावेसे वाटतात. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात घरोघर जाऊन शोधलेल्या क्षयरोग्यांची देबबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी विचारपूस केली. तो अभ्यास १९६३ चा. खेडूत अडाणी, त्यांना आजाराची जाणीव नसते, असा तेव्हा समज होता. निघाले उलटेच. बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे हे ठाऊक होते आणि निम्म्याहून जास्त जण त्यासाठी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून ते परतले खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन. अमेरिकेहून टपालाने आलेल्या औषधांची आठवण इथे होतेच. दोन्ही वेळा रुग्णाने सांगितले होते, ऐकणाऱ्याने सद्भावनेने औषधही दिले होते; तपासणी तेवढी झाली नव्हती.

दुसरा कागद याच्याशी भांडतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कोणाकडे गेलेच नव्हते, आणि न जाण्याचे मुख्य कारण लक्षणांकडे दुर्लक्ष हे होते. मग उशीर कोणाचा, रुग्णाचा की दवाखान्याचा? दोन्ही आकडे वेगळ्या माणसांचे आहेत हे विसरता कामा नये: तुमकूरची माणसे निदान पक्के झालेले रोगी होती, सर्वेक्षणातली केवळ खोकला-ताप असलेली. शिवाय त्याच सर्वेक्षणाने आणखी एक गोष्ट दाखवली. छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ ४३ टक्के निसटले असते, कारण त्यांनी विचारलेले एकही लक्षण सांगितले नव्हते. कलकत्त्याच्या यादीत खोकला नाही म्हणून क्षय नव्हता, असे म्हणायला मी का कचरतो, ते यावरून कळेल.

आणि दवाखान्यात गेल्यावर? २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षित माणसांना खोटे रुग्ण बनवून खाजगी डॉक्टरांकडे पाठवले गेले. क्षयाची लक्षणे पढवलेली होती. साधारण तीनपैकी एकाच भेटीत योग्य पाऊल उचलले गेले. १८८४ च्या फिलाडेल्फियाला कॉख नवे होते ही सबब या डॉक्टरांना नव्हती. दोन आठवडे खोकला असेल तर बेडका तपासा, हा नियम आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २००९ पासून आहे. त्याआधी तो तीन आठवड्यांचा होता.

जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हा नियम सर्वांत अवघड जातो. भोकरदनहून रात्री दोनला आणलेला माणूस ‘दोन आठवड्यांचा खोकला’ म्हणून येत नाही. तो धाप, ताप किंवा उलटीतून रक्त पडल्याची तक्रार घेऊन येतो. ते रक्त पोटातले नसून छातीतले आहे, हे विचारल्याशिवाय निघत नाही. केसपेपरवर न्यूमोनिया लिहिला जातो, इंजेक्शन सुरू होते. त्या इंजेक्शनात फ्लुओरोक्विनोलोन गटाचे औषध असेल तर आणखी एक फसगत होते: ही औषधे क्षयाच्या जंतूवरही थोडीफार चालतात, ताप उतरतो, रुग्णाला बरे वाटते आणि तो घरी जातो. खरे निदान तेवढे पुढे ढकलले जाते. ऊसतोडीला निघालेला माणूस असेल तर पुढचा दवाखाना दुसऱ्याच जिल्ह्यात असतो आणि तिथे नवा केसपेपर निघतो. प्रत्येक कागद स्वतःपुरता बरोबर असतो. ते एकाखाली एक लावले तरच आजार दिसतो.

आनंदीबाईंच्या बाबतीत हे लावणे अजून पुरे व्हायचे आहे. अंजली कीर्तने यांनी १९९७ च्या चरित्रात फार मोठी सामग्री एकत्र आणली. पण केवळ प्रकृतीच्या दृष्टीने, काशीबाईंनी छापलेली मराठी पत्रे आणि कार्पेंटरबाईंना लिहिलेली इंग्रजी पत्रे शेजारी ठेवून, एकाच आठवड्यात नवऱ्याला काय सांगितले आणि मावशीला काय, असे वाचायला हवे. संध्याकाळची कसर, रात्रीचा घाम, बेडक्याचा उल्लेख, सैल झालेले कपडे, अभ्यास बुडल्याचे दिवस हे सगळे टिपायला हवे. जून १८८३ च्या आधीच्या पत्रात खोकला सापडला तर मी वर केलेली १८८४ ची आकारणी कोलमडेल आणि कलकत्त्याचा तर्क वर येईल. १८८५-८६ च्या हिवाळ्यापर्यंत एकही खूण मिळाली नाही, तर रोग झपाट्याने वाढणारा होता असे मानावे लागेल, आणि मग शिक्षकांना तो दिसायला अवकाशच किती मिळाला, हा प्रश्न नव्याने मांडावा लागेल. सुरुवात ऑक्टोबर १८८५ पासून करावी: त्या महिन्याचे छायाचित्र आहे, आणि तिथून पदवी पाच महिन्यांवर आहे.